स्वस्तातली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह आणि बिघडलेला ऑटोमॅटिक गिअर
खरेदीपूर्वी व्यापारी व कारागीर बंधूंनी करावयाची तपासणी

जुन्या गाड्यांच्या बाजारात दहा-बारा वर्षे वापरलेली मोठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी कधी कधी फार कमी किमतीला मिळते. रंग चांगला, सीट चांगल्या, इंजिन एका चावीत सुरू होते. किंमत मात्र तशाच दुसऱ्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास. कारण विचारले की दलाल म्हणतो, “गिअरचं थोडं काम आहे. ऑइल बदललं की झालं.” बागायतदार, लाकडाचा व्यापारी, मासळीचा ठेकेदार, बांधकामाची छोटी कामे घेणारा अशा लोकांना घाटातून, चिखलातून आणि कच्च्या रस्त्याने जावेच लागते. त्यांना हा सौदा मोहात टाकतो.

हा सौदा नेहमी वाईटच असतो असे नाही. दोन हजार रुपयांच्या दोषामुळे दोन लाखांनी किंमत उतरलेली गाडी माहितगाराला मिळू शकते. पण दोन लाखांचा दोष दोन हजारांचा म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकार त्याहून जास्त होतात. छोट्या व्यापाऱ्याचे भांडवल एका गाडीत अडकले आणि ती गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, तर त्या हंगामाचा धंदा बुडतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

१) हा गिअर चालतो कसा?

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पायाने तो दाबून आपण हाताने गिअर बदलतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. ही तेलाने भरलेली एक बंद डबी असते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. इंजिन एक पंखा फिरवते आणि तेलाच्या झोताने दुसरा पंखा फिरून गिअरबॉक्सला गती देतो.

पुढे ग्रहमालेसारखी दातेरी चक्रे असतात. मध्ये एक चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि बाहेर एक कडे. यातले कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे यावर गिअर ठरतो. हे धरण्या-सोडण्याचे काम क्लच प्लेटांचे छोटे संच करतात आणि त्यांना दाबतो तो तेलाचा दाब. तेल कोणत्या वाटेने जाईल हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. तिच्यावर सोलेनॉइड असतात आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर असतो.

यावरून मुख्य गोष्ट लक्षात यावी. या गिअरबॉक्समध्ये तेल हे केवळ वंगण नाही. तेच शक्ती पोहोचवते, तेच दाब देते आणि तेच थंड ठेवते. तेल कमी झाले, जळाले किंवा त्यात पाणी गेले की सारी यंत्रणा एकदम आजारी पडते. म्हणून तपासणीची सुरुवात तेलापासून करावी.

आणखी एक खुलासा. “ऑटोमॅटिक” या एकाच नावाखाली आज चार वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. टॉर्क कन्व्हर्टरची, पट्ट्याची सीव्हीटी, दोन क्लचची डीसीटी आणि साध्या गिअरबॉक्सला मोटर जोडलेली एएमटी. प्रत्येकीचे दोष, तेल आणि दुरुस्ती वेगळी आहे. प्रस्तुत लेख टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सविषयी आहे, कारण बहुतेक जुन्या दणकट फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत तोच आढळतो. पाहत असलेल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे, हे मात्र आधी खात्रीने विचारून घ्यावे.

२) फोर-व्हील ड्राइव्हमुळे काय फरक पडतो?

या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देते. टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो अशा तिच्या अवस्था असतात. काही गाड्यांत न्यूट्रलही असते. त्यानंतर दोन प्रॉपेलर शाफ्ट, त्यांचे क्रॉस जॉइंट आणि दोन डिफरन्शियल येतात. म्हणजे बिघडण्याच्या जागा वाढतात आणि एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर खपण्याची शक्यताही वाढते.

उदाहरणार्थ, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकली असेल तर गाडी डी मध्येही जात नाही आणि आर मध्येही जात नाही. मालकाला वाटते गिअरबॉक्स संपला. प्रत्यक्षात दोष ट्रान्सफर केस सरकवणाऱ्या छोट्या मोटरचा असू शकतो. त्याचप्रमाणे क्रॉस जॉइंट झिजला किंवा गिअरबॉक्सचे फाउंडेशन तुटले, तर डी टाकताच खाडकन आवाज येतो. हा आवाज गिअरबॉक्सच्या आतला नव्हे. उलटही घडते. विकणारा म्हणतो, “क्रॉस बदलला की आवाज जाईल,” आणि झीज खरोखर आत असते. म्हणून बोलण्यावर न जाता गाडी रॅम्पवर चढवून पाहावी.

ज्या गाड्यांत फोर-व्हील हवी तेव्हाच लावायची असते, त्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावून आखूड वळण घेतले तर गाडी अडखळते आणि चाके घासतात. तो दोष नव्हे, त्या यंत्रणेचा तो स्वभाव आहे. म्हणून फोर-हाय व फोर-लो ची परीक्षा मातीच्या किंवा वाळूच्या जागेवर घ्यावी. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे असावेत. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेगवेगळे टायर बसवल्यास मधल्या जोडणीवर सतत ताण येतो आणि ती तापून खराब होते.

३) तेलाची परीक्षा

डिपस्टिक असेल तर ती ओढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. बहुतेक गाड्यांत नवे तेल लाल असते. वापराने ते गडद होते, ते चालते. पुढील गोष्टी मात्र चालत नाहीत :

(अ) काळपट तेल आणि जळका वास. याचा अर्थ क्लच प्लेटा घसरून जळल्या आहेत.

(ब) बोटांच्या चिमटीत लागणारी चमकदार धातूची कणी. आतले चक्र किंवा बेअरिंग झिजत आहे.

(क) गुलाबी दुधासारखे तेल. त्यात रेडिएटरचे पाणी मिसळले आहे. अनेक गाड्यांत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते. ती फुटली की कूलंट व तेल एकत्र होते. पाण्याने क्लच प्लेटांचे अस्तर सुटते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००५ ते २०१० सालच्या निसान पाथफाइंडर गाड्यांत हा दोष इतका पसरला की प्रकरण कोर्टात गेले. रेडिएटरचा एक छोटा भाग फुटल्याने संपूर्ण गिअरबॉक्स जातो, याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. म्हणून रेडिएटरचे झाकण थंड असताना उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का, हेही पाहावे.

(ड) अगदी स्वच्छ, कालच भरलेले तेल. ही चांगली खूण वाटते, पण बिघडलेल्या गाडीत ती संशयाची आहे. विक्रीपूर्वी तेल बदलून वास घालवलेला असू शकतो. तेल कधी व कोठे बदलले, याचे बिल मागावे.

अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. तेलाची पातळी ठराविक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पाहावी लागते. ते काम वर्कशॉपमध्ये करून घ्यावे. बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून व गिअर पी मध्ये ठेवून मापतात. काही गाड्यांत एन मध्ये ठेवावे लागते आणि काहींत इंजिन बंद करून मापतात. त्या गाडीचे मॅन्युअल पाहिल्याशिवाय “तेल कमी आहे” किंवा “जास्त आहे” असा निकाल देऊ नये. तेलही वाटेल ते चालत नाही. डेक्स्रॉन, मर्कॉन, टोयोटाचे डब्ल्यूएस, मित्सुबिशीचे एसपी-थ्री हे एकमेकांच्या जागी आंधळेपणाने ओतावयाचे पदार्थ नव्हेत.

४) चालवून पाहण्याचा क्रम

विकणाऱ्याला आधीच सांगावे की गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनाने सुरुवात केली तरच अर्धे दोष दिसतात आणि तासभर चालवली तर उरलेले. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. मग पुढील क्रमाने जावे :

१. ब्रेक दाबून पी मधून आर, मग एन, मग डी टाकावे. साधारण एक-दोन सेकंदांत गिअर लागल्याचे जाणवले पाहिजे. तीन-चार सेकंद लागत असतील तर तेलाचा दाब कमी आहे किंवा आतले रबरी सील कडक झाले आहेत.

२. आर लागतो पण डी लागत नाही, किंवा उलट. असे असेल तर त्या दिशेचा क्लच संच गेला असण्याची शक्यता मोठी. दोन्हीही लागत नसतील तर तेल, पंप, टॉर्क कन्व्हर्टर, ट्रान्सफर केस आणि शाफ्ट या सर्वांची चौकशी करावी.

३. हळूहळू वेग वाढवावा. इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी वेग घेत नाही, याला घसरणे म्हणतात. हे जड दुखणे आहे.

४. ५० ते ८० किलोमीटरच्या वेगाने, पाय हलका ठेवून चालवावे. गाडी खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचवर संशय येतो. मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर तसाच ठेवून दुसऱ्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करावा. थरथर लगेच थांबली तर संशय बळकट होतो. थांबली नाही तर इंजिनाचा एखादा सिलिंडर चुकतो आहे का, हे पाहावे.

५. चढावर न्यावे. चढावर थांबून पुन्हा निघावे. रिव्हर्समध्येही चढवून पाहावे. सपाटीवर झाकलेला दोष चढावर उघडा पडतो.

६. अर्ध्या-पाऊण तासाने, गिअरबॉक्स पूर्ण तापल्यावर, पहिल्या दोन परीक्षा पुन्हा घ्याव्यात. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरणारी गाडी ही गाळात जाणारी होडी समजावी.

७. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते, वर-खाली होत नाही. यास लिम्प मोड म्हणतात. कॉम्प्युटरला दोष दिसल्यावर तो गाडी घरापर्यंत पोहोचावी एवढीच मुभा ठेवतो. येथे घाबरून जाऊ नये आणि हुरळूनही जाऊ नये. कारण छोटेही असू शकते, मोठेही.

चाके ब्रेकने बांधून पूर्ण अॅक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल टेस्ट’ काही जण करतात. ती काही सेकंदांपेक्षा जास्त केली तर तेल उकळते. ती जाणत्या मेकॅनिकवर सोडावी.

५) स्कॅनर काय सांगतो?

गाडीला स्कॅनर लावून घ्यावा. मोबाइलला जोडायचे स्वस्त यंत्र पुष्कळदा इंजिनाचेच कोड वाचते. गिअरचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर हवा. पी ०७०० हा कोड “गिअरच्या कॉम्प्युटरमध्ये तक्रार नोंदली आहे” एवढेच सांगतो. पी ०७३० म्हणजे अपेक्षित व प्रत्यक्ष गिअर जुळत नाही, अर्थात घसरण. पी ०७४० टॉर्क कन्व्हर्टर क्लचविषयी, पी ०७५० पहिल्या सोलेनॉइडविषयी आणि पी ०२१८ गिअरबॉक्स अति तापल्याविषयी बोलतो. कोड हे दोषाच्या मोहल्ल्यापर्यंत नेतात, घर आपल्यालाच शोधावे लागते. सोलेनॉइडचा कोड आला म्हणून सोलेनॉइडच गेला असे नाही, त्याची वायर तुटलेली असू शकते.

एकही कोड नसेल तर तेही तपासावे. विक्रीपूर्वी कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वयंतपासण्या “अपूर्ण” दिसतात. गाडी तासभर चालवून पुन्हा स्कॅनर लावावा.

छोटा दोष मोठा भासतो याचे चांगले उदाहरण रेक्स्टनचे आहे. महिंद्राने २०१२ मध्ये भारतात आणलेल्या रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक प्रकारात मर्सिडीजच्या बनावटीचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स होता. मर्सिडीजच्या व जीपच्या काही गाड्यांतही हे कुटुंब वापरले गेले. या गिअरबॉक्सच्या बाजूला वायरिंगचा एक प्लग बसतो. त्याचे रबरी कडे सुकले की तेल झिरपते आणि वायरच्या आतून चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत पोहोचते. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. ज्याला ठाऊक नाही तो गिअरबॉक्स उतरवतो. ज्याला ठाऊक आहे तो आधी प्लग काढून पाहतो, कडे बदलतो आणि कॉम्प्युटरचे टोक साफ करतो. अर्थात हीच गाडी तेल कमी असताना महिनोन् महिने दामटली असेल, तर प्लेटाही गेलेल्या असू शकतात. दोन्ही तपासावे लागते.

६) दोषांचे तीन वर्ग

हलके : बॅटरी किंवा अर्थिंग कमजोर, ब्रेक लाइटचा स्विच खराब असल्याने पी मधून लिव्हर न निघणे, गिअरची स्थिती सांगणारा स्विच, वेगाचा सेन्सर, कुजलेला कनेक्टर, तुटलेले फाउंडेशन, तेलाची साधी गळती.

मध्यम : सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, टॉर्क कन्व्हर्टर, कूलर, ट्रान्सफर केसची मोटर.

जड : जळलेल्या प्लेटा, तुटलेले चक्र, झिजलेला पंप, तेलात पाणी, पुरात बुडालेली गाडी.

पुराच्या गाडीविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा असंख्य वाहने बुडाली. विमा कंपन्यांनी निकालात काढलेली वाहने पुढे दुरुस्त होऊन बाजारात येतात. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक छिद्र असते, त्यातून पाणी आत जाते. सीटखालच्या पट्ट्या, गालिच्याखालचा पत्रा, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटी दिसणारा चिखलाचा डाग आणि वायरच्या टोकांवरील हिरवट गंज या खुणा पाहाव्यात. अशी गाडी कितीही स्वस्त असो, ती महागच असते.

७) हिशेब कसा मांडावा?

मागितलेल्या किमतीपासून हिशेब सुरू करू नये. चांगल्या स्थितीतील तशाच गाडीच्या बाजारभावापासून सुरू करावा. पद्धत समजावी म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. चांगल्या गाडीचा भाव ७,५०,००० रुपये आहे आणि बिघडलेली गाडी ४,७५,००० रुपयांना मिळते आहे. वरवर पाहता २,७५,००० रुपयांची बचत दिसते. आता खर्च मांडा :

गिअरबॉक्स पूर्ण उघडून दुरुस्ती : १,६०,०००
रेडिएटर, फाउंडेशन, तेल : २८,०००
चार सारखे टायर : ४८,०००
गाडी उचलून नेण्याचे भाडे : १२,०००
विमा, नावावर करणे, थकलेले दंड : २५,०००
दोन महिने दुसरी गाडी भाड्याने : ४०,०००
अनपेक्षित खर्च, दुरुस्तीच्या एक चतुर्थांश : ४०,०००
एकूण : ३,५३,०००

म्हणजे गाडी ८,२८,००० रुपयांना पडली. बाजारात चांगली गाडी ७,५०,००० ला मिळत होती. बचत तर नाहीच, उलट ७८,००० चा तोटा झाला आणि दोन महिन्यांचा मनस्ताप वेगळा. या हिशेबाने बरोबरीची किंमत ३,९७,००० येते. गिअरबॉक्स उघडलेली गाडी पुढे विकताना गिऱ्हाईक भाव पाडतोच. त्यासाठी ५०,००० आणखी वजा करा. आपली शेवटची बोली ३,४७,००० च्या वर जाता कामा नये. विकणारा याखाली येत नसेल तर सलाम करून निघावे.

दोष निश्चित समजला नसेल तर नेहमी जड वर्गातला समजूनच हिशेब करावा. पुढे तो हलका निघाला तर तो नफा. हलका समजून केलेला हिशेब चुकला तर भरपाई करणारा कोणी नसतो.

भागांची उपलब्धता हाही हिशेबाचाच भाग आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले, त्यामुळे कॅप्टिव्हाची बाजारकिंमत घसरली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, त्यात एंडेव्हरही आली. रेक्स्टन बनवणारी कोरियाची सँगयाँग २०२२ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. अशा गाडीचा बयाणा देण्यापूर्वी लागणाऱ्या भागाचा भाव आणि तो किती दिवसांत मिळेल हे दोन दुकानांतून लेखी घ्यावे.

जुना गिअरबॉक्स बसवायचा असेल तर कुर्ला-कालिना परिसरातील सीएसटी रोडसारख्या जुन्या भागांच्या बाजारात तो मिळू शकतो. पण बिल आणि ज्या गाडीतून तो काढला तिच्या कागदांची प्रत घेतल्याशिवाय घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिवाय नंबर जुळला पाहिजे. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे गिअरबॉक्स आणि त्याचा कॉम्प्युटर बदलतो.

८) कागदपत्रे

आरसी, विमा, पीयूसी, थकलेले चलन आणि बँकेचा बोजा हे सर्व पाहावे. बोजा असेल तर फॉर्म ३५ व बँकेचे पत्र हवे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० आणि बाहेरच्या राज्यातील गाडी असल्यास फॉर्म २८ ची एनओसी लागते. त्याच राज्यातील विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते. विकणाऱ्या बंधूंनीही हे विसरू नये. अपघात झाल्यास आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सवलत दिली. या घडामोडींमुळे मोठ्या डिझेल गाड्या तेथून इतर राज्यांत स्वस्तात आल्या. अशी गाडी घेण्याआधी येथील रोड टॅक्स किती भरावा लागेल आणि नोंदणीची किती वर्षे उरली आहेत, हे आपल्या आरटीओत विचारावे. स्वस्ताई तेथेच संपू शकते.

९) विकणारा आणि घेणारा

१९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाची तक्रार त्याला सहसा करता येत नाही. पण ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवणे ही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवणूक आहे. शरीअतमध्येही मालातला ऐब सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदारास आहे. फिकहमध्ये यास खियार-ए-ऐब म्हणतात. तेव्हा सौदाचिठ्ठीवर साध्या शब्दांत लिहावे, “गिअर गरम झाल्यावर घसरतो, हे सांगून विकले.” यात दोघांचेही रक्षण आहे. घेणाऱ्याला किंमत पाडण्याचा आधार मिळतो आणि विकणाऱ्यावर पुढे आळ येत नाही.

पुनर्विक्रीसाठी किंवा निव्वळ व्यापारी उपयोगासाठी गाडी घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेणाऱ्याला मात्र ते संरक्षण आहे. म्हणून व्यापाऱ्याने लेखी सौद्यावरच भर द्यावा.

१०) कारागीर बंधूंसाठी

ऑटोमॅटिक गाड्या रस्त्यावर वाढल्या आहेत आणि हे काम नीट जाणणारे हात थोडे आहेत. जो मेकॅनिक हे काम शिकेल त्याच्याकडे गिऱ्हाईक लांबून येईल. सुरुवातीला चार सवयी लावून घ्याव्यात. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी तेल, वायरिंग, कोड आणि तेलाचा दाब या क्रमाने तपासावे. खालचे पॅन उघडून चुंबकावरील गाळ गिऱ्हाईकाला दाखवावा. बारीक राखाडी लेप सामान्य असतो, तुकडे असतील तर आत मोडतोड आहे. गिअरबॉक्स दुरुस्त केल्यावर जुना कूलर व नळ्या धुतल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय नवे तेल भरू नये, नाहीतर जुना कचरा नव्या प्लेटा खातो. काम धुळीत करू नये. व्हॉल्व्ह बॉडीत वाळूचा एक कण अडकला तरी गिअर चुकतो.

बंद पडलेली अशी गाडी चाके जमिनीवर ठेवून टोचन करून नेऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

११) मुळात ही गाडी हवी का?

शेवटी हा प्रश्न स्वतःला विचारावा. वर्षातून दहा दिवस चिखलात जायचे असेल तर चांगल्या टायरची साधी गाडी आणि त्या दहा दिवसांसाठी भाड्याची जीप पुरते. रोजच जायचे असेल तर हाताच्या गिअरची बोलेरो कॅम्परसारखी फोर-व्हील गाडी दिसायला साधी असली तरी तालुक्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होते. ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह त्यानेच घ्यावी, ज्याच्याजवळ जाणता मेकॅनिक आहे, दुरुस्तीची रक्कम रोख बाजूला आहे आणि गाडी तीन महिने उभी राहिली तरी ज्याचा धंदा थांबणार नाही.

या तीनपैकी एकही गोष्ट नसेल तर सौदा सोडून द्यावा. जुन्या गाड्या उद्याही बाजारात येतील. कष्टाने जमवलेले भांडवल मात्र एकदा अडकले की मोकळे व्हायला वर्षे लागतात.